सिधोपंत दफ्तरदारांनी मान हलविली त्याची हकीकत

श्रीगणरायास, आणि त्याहून लवकर कोपणाऱ्या वरिष्ठांस दंडवत घालून लिहिले जाते ऐसीजे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, ज्येष्ठमासी हुजुरांची मर्जी फिरली आणि हुकूम सुटला की, राज्याचे कागद यापुढे रुमालात न बांधता यंत्रात ठेवावे, आणि दसऱ्याअगोदर ज्यास यंत्रातून कागद काढिता न ये त्याजकडून दफ्तरखान्याच्या किल्ल्या काढून घ्याव्या. हे ऐकोन सिधोपंत दफ्तरदारांनी किल्ल्या चाचपिल्या. वय छप्पन्न, तीस वर्षे किल्ल्या कमरेस, कोणता कागद कोणत्या रुमालात हे डोळे मिटून सांगत. परंतु यंत्रातून एकही कागद काढिता न ये. मग हुजुरांनी परमुलखातून पंडित आणविले, आणि ते दोन प्रहर भिंतीवर चित्रे पाडीत बोलिले, आणि शेवटी पुसते जाहले, "समजले?" आता त्या कचेरीचा रिवाज ऐसा की, धाकट्यांदेखत प्रश्न पुसणे म्हणजे आपली अब्रू आपणच घालविणे. सबब चाळीस असामींनी माना हलविल्या, आणि ज्यांस काडीइतके उमगले नव्हते त्या पंतांनी सर्वांहून जोरात हलविली. ती मान पंडितांचे नजरेत भरली. हुजुरांस कळविले की पंत निपुण जाहले, आणि हुजुरांनी खुश होऊन आज्ञा केली की उद्यापासून बाकीच्यांस पंतांनीच शिकवावे.

दुसरे दिवशी कचेरी भरण्याआधी पंत यंत्रापुढे कपाळास हात लावून बसले असता सगुणा झाडूवाली आली, आणि तिने केरसुणी टेकवून यंत्र चालू केले, आणि मागील सालचा कागद काढून दाखविला. पंत चकित होऊन म्हणाले, "सगुणे, हे तुला कोणी शिकविले?"

"पंडितांनीच. काल ते चहा प्यायला बसले तेव्हा मी विचारलं. मी चारदा चुकले, ते हसले. हसू देत म्हटलं. मला येत असेल असं कुणाला वाटतच नव्हतं, मग लाज कसली, पंत?"

"मजला काहीच येत नाही," ऐसे पंत तीस वर्षांत प्रथमच बोलिले, आणि डोळे भरून आले, आणि फार हलके वाटले.

मग सभा भरली तेव्हा पंतांनी तेच वाक्य एकूणचाळीस जणांदेखत उच्चारिले, आणि "सगुणाबाई, आपण येथे बसावे" म्हणोन आपली गादी दिली. मग कोपऱ्यातून एक कारकून चाचरत पुसता जाहला, "हे चालू कोठून करावे?" आणि मग जो तो पुसू लागला, आणि भाद्रपद सरेतो सर्वांस कागद काढिता येऊ लागले, आणि किल्ल्या पंतांचे कमरेसच राहिल्या.

परंतु हुजुरांकडे अहवाल गेला की, पंडितांचे सभेत प्रश्न शून्य आणि पंतांचे सभेत साडेतीनशे. सबब पंडितांस शाल आणि पंतांस ताकीद मिळाली. आणि चाकरांस इतके प्रश्न पडतात ही चिंतेची बाब जाणोन पंडितांस पुन्हा आणविले. ते हुजुरांसमक्ष दोन प्रहर बोलिले आणि पुसते जाहले, "समजले?" एकूणचाळीस माना हलल्या. पंत उभे राहिले आणि म्हणाले, "नाही समजले. पुन्हा सांगावे." दाराशी सगुणाबाई केरसुणी ठेवून खाली बसली.

एवंच पंडित शाल पांघरोन गेले, पंत शिकले, राज्य अद्याप मान हलवीत आहे. घडले तैसे लिहिले. न समजल्यास पुसावे.