सैल बुटाची तक्रार येत नाही

टॅप डान्सचे बूट आणायला मी एकटाच जाईन असं मी बायकोला सांगितलं, तेव्हा ती फक्त "बघा हं" एवढंच म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात "बघा हं" या दोन शब्दांनंतर काय काय झालंय याची मी यादी ठेवली असती, तर त्या दिवशी गुपचूप घरी बसलो असतो. पण याद्या मी फक्त ऑफिसात ठेवतो.

ऑफिसात मी गणवेशाच्या स्टोअरचा मुख्य कारकून आहे. (मुख्य म्हणजे एकटाच.) ड्रायव्हर, वॉचमन, शिपाई, सगळ्यांना शर्ट, पँट, पट्टे आणि बूट मी देतो. तेवीस वर्षं देतोय. माणूस दारातून आत येतो, मी त्याच्या पायांकडे एक नजर टाकतो आणि तो तोंड उघडायच्या आत त्याच्यापुढे खोकं ठेवतो. माप घ्यायची पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे, तिने मी पाठ खाजवतो. आणि या तेवीस वर्षांत बुटांबद्दल माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही. साहेबांनी एकदा मीटिंगमध्ये हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. त्या दिवशी साहेबांनी कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता तेही मी सांगू शकतो.

यामागचं गुपित तुम्हाला म्हणून सांगतो. ज्याला जो नंबर लागतो, त्याच्यापेक्षा एक नंबर मोठा द्यायचा. बूट घट्ट झाला तर माणूस दुसऱ्याच दिवशी लंगडत येऊन टेबल बडवतो. सैल झाला तर बिचारा दोन मोजे चढवतो, पुढे कापूस कोंबतो आणि गप्प राहतो. सैल बुटाची तक्रार येत नाही. हे माझं स्वतःचं संशोधन आहे.

तर, टॅप डान्स. माझी बायको दोन वर्षं हे शिकतेय. या नाचाच्या बुटांना तळाशी, चवड्याखाली आणि टाचेखाली, धातूच्या पट्ट्या असतात आणि नाचणारा पायांनीच ताल वाजवतो. नाचायचं आणि वाजवायचंही, दोन कामं एका पगारात. दोन वर्षं ही मागच्या रांगेत, खांबाच्या आड नाचली. यंदाच्या कार्यक्रमात तिला पहिल्यांदाच पुढच्या रांगेत घेतलं, जोड्यांच्या नाचात. आणि तिचा जोडीदार, जो दातांचा डॉक्टर आहे, तो एका पेशंटची दाढ उपटताना स्वतःच कंबर धरून खाली बसला. जोडीदार नाही तर पुढची रांग नाही, असा नियम.

"तुम्ही याल का?" हिने विचारलं. एरवी ही मला विचारत नाही, सांगते. त्या दिवशी विचारलं, तेही माझ्याकडे न बघता, टॉवेलची घडी घालत. मला एकदम भरून आलं आणि मी हो म्हणून गेलो.

दीड महिना मी साध्या बुटांवर शिकलो. पावलं मला चटकन पाठ झाली. (फायली लक्षात ठेवणाऱ्या माणसाला बावीस पावलं म्हणजे काय!) शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पावलं चांगली आहेत तुमची. आता खरे बूट घ्या. आणि मापाचे घ्या." मापाचे! कुणाला सांगताय!

नाचाच्या बुटांचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं.

"बसा," तो म्हणाला. मी बसलो. "आता उभे राहा."

"मग बसवलंत कशाला?"

"बूट काढायला. उभं राहिल्यावर पाय पसरतो. खरं माप तेच. दोन्ही पायांवर भार द्या."

त्याने दोन्ही पाय वेगवेगळे मोजले. डावा किंचित मोठा निघाला, ही बातमी मला पन्नासाव्या वर्षी कळली. मग आत जाऊन त्याने काळ्या रंगाचे, लेसचे बूट आणले आणि मला घालायला लावले.

"सात नंबर. बोटं सरळ आहेत? दुमडली नाहीत ना?"

"नाहीत. पण घट्ट वाटतायत."

"घट्ट नाहीत, बसलेत. चामडं नाचून नाचून थोडं सैल होतं. आता चवड्यावर उभे राहा. टाच बुटातून सुटतेय का?"

"नाही."

"मग झालं. बांधून देऊ?"

"आठ दाखवा," मी म्हणालो.

त्याने कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला आणि मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "साहेब, हा बूट चालायचा नाही, वाजवायचा आहे. टाच आत हलली तर गडबड होईल."

"आजोबा, मी तेवीस वर्षं लोकांना बूट देतोय."

"दुकान आहे?"

"स्टोअर."

"तिथे लोक नाचतात का?"

मी सात नंबर काढून ठेवला. आठ नंबर घातला आणि पायांना काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! म्हातारा खोकं बांधत म्हणाला, "एकदा फरशीवर वाजवलात की परत घेत नाही." मी नुसता हसलो. तक्रार घेऊन परत येणारा माणूस मी नव्हेच.

घरी आल्याबरोबर स्वयंपाकघरात सगळा नाच करून दाखवला. ही हात पुसता पुसता थांबली.

"अहो, तुम्ही एकदा पाय आपटता आणि दोनदा वाजतं."

"प्रतिध्वनी आहे तो."

"स्वयंपाकघरात? फ्रीज, ओटा, डबे, एवढ्या सामानात?"

"डब्यांमुळेच येतो. फिटिंग मात्र झकास आहे बरं का!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "सुतार कधी जाणार?" त्यांनी विचारलं. "आणि जाताना आमच्याकडे पाठवा. खिडकी बसवून घ्यायची आहे." सुतार नाही, नाच आहे, असं हिने सांगितलं. काकूंनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि हिच्या पाठीवरून हात फिरवून निघून गेल्या.

खरी गंमत पुढे क्लासात, हॉलच्या स्टेजवर झाली. सहा जोड्या, बारा माणसं, चोवीस पाय एकदम वाजायचे, आणि प्रत्येक ठेक्यामागून एक चोरटा "टक्" यायचा. बाई पहिल्या दिवशी थांबल्या. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून ऐकत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "स्टेजची फळी सुटलेली दिसतेय."

"मला पहिल्यापासून तोच संशय होता!" मी म्हणालो. (आता हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटली नाही.) इतकंच नव्हे, हॉलच्या व्यवस्थापकाला रीतसर तक्रार-अर्ज मी लिहिला. विषय, संदर्भ, तीन मुद्दे, आपला नम्र. सुतार आला. त्याने दोन दिवस गुडघ्यांवर रांगत अख्खं स्टेज नव्याने ठोकलं. आम्ही पुन्हा नाचलो. टक्.

सुतार म्हणाला, "फळीचा नाही, बाई. माणसाचा आवाज आहे हा."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शेवटची तालीम होती. बाईंनी एकेक जोडी वेगळी नाचवली. पहिली जोडी स्वच्छ, दुसरी स्वच्छ. मग आम्ही. मी मन लावून, अगदी जीव ओतून नाचलो. थांबलो तेव्हा सगळे माझ्या पायांकडे बघत होते.

बाई स्टेजवर आल्या, खाली बसल्या आणि माझ्या बुटाच्या मागच्या बाजूने आत बोट घातलं. बोट घातलं, मग दुसरंही घातलं.

"ही टाच आत वर उचलली जाते आणि मागून आपटते. कुणी घेतले हे बूट?"

"मीच," मी म्हणालो. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

"बदलून आणा."

"दुकान आज बंद असतं," हिने सांगितलं. दुकानाचा बंदचा वारसुद्धा हिला माहीत होता. तिच्या बुटांचं दुकान तेच.

कापूस कोंबून पाहिला. मग चवड्याचा आवाज दबला आणि टाच दुप्पट वाजायला लागली. तीन मोजे घातले तर बूट जाईना. दुसऱ्यांचे बूट घालून पाहिले, ते एक तर सहा नाही तर नऊ. शेवटी बाई हळू आवाजात हिला म्हणाल्या, "वाईट वाटतंय, पण आज तुमची जोडी काढावी लागेल. अकरा पायांत एक खोटा पाय चालत नाही." (चोवीसात म्हणायचं होतं त्यांना. तेव्हा हिशेब दुरुस्त करायचा मोह मी आवरला.)

 ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून बुटांची लेस सोडायला लागली. दोन वर्षं खांबाआड नाचलेली बाई पुढच्या रांगेच्या इतकी जवळ येऊन परत लेस सोडत होती, आणि ते माझ्यामुळे. मला इतकं वाईट वाटलं की मी जन्मात केली नाही ती गोष्ट केली. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. म्हातारा सात म्हणाला होता, मी आठ घेतला, प्रतिध्वनी नव्हता, फळीही नव्हती. आणि स्टोअरमधलं गुपितही सांगून टाकलं.

लेस तशीच ठेवून तिने वर पाहिलं. "म्हणजे तेवीस वर्षं सगळ्या ऑफिसच्या बुटांत कापूस आहे?"

"बहुतेक."

तिला हसू फुटलं. आधी जरासं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम उठून बाईंकडे गेली.

"बाई, यांची पावलं चुकतात का?"

"पावलं? नाही. पावलं सगळ्यांत बरी आहेत."

"मग यांचे बूट काढून घ्या. मोज्यांवर नाचू देत. काळी पँट, काळे मोजे, लांबून कळणार नाही. आवाज आम्ही अकरा जण काढतो."

स्टेजच्या कडेला शोभेच्या कुंड्या होत्या. त्यातली सगळ्यात मोठी कुंडी हिने स्वतः ढकलत आणून बरोबर माझ्या पायांसमोर ठेवली.

आणि आम्ही नाचलो. पुढच्या रांगेत! पडदा वर गेला, अकरा जणांचे बूट एका दमात कडाडले, आणि मागून टक् नाही की काही नाही. मी एका कुंडीमागे मोज्यांवर घसरत होतो, पण माझ्या शेजारी ही नाचत होती, आणि तिची मान अशी ताठ होती की मी दोन वेळा पावलं विसरता विसरता राहिलो. सांगायला संकोच कशाला, मला तिचा इतका अभिमान वाटला की लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मीसुद्धा स्टेजवरच टाळ्या वाजवल्या. तिने वाकून नमस्कार करता करता मला कोपर मारलं, तेव्हा थांबलो.

पडदा पडल्यावर ऑफिसातले साहेब आत आले. (तिकीट मीच हौसेने दिलं होतं.) मी पटकन हिच्या घेरदार झग्यामागे पाय लपवले.

"वा!" साहेबांनी माझी पाठ थोपटली. "मी डोळे मिटून ऐकत होतो. तुमचा आवाज मला बाराही जणांत वेगळा ओळखू आला!"

"सगळं मापावर असतं, साहेब," मी म्हणालो. छाती आपोआप पुढे आली. हिने खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी हिला मिठी मारली, पुढच्या वर्षी तू मधोमध, असं सांगून टाकलं. मग साहेबांच्या देखत माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमचंही नाव मी आत्ताच लिहून ठेवतेय बरं का. नवे बूट घ्यायच्या भानगडीत पडू नका. आज जसे वाजलात, तसेच पुढच्या वर्षीही वाजा."