सगळ्यात मोठी चप्पल शोधा

आमच्या नगरच्या कॉलेजात एखाद्या वर्गाबाहेर चपला एका रांगेत मांडलेल्या दिसल्या, की आत देव नाही, तांबोळी मॅडम आहेत असं समजायचं. प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. पण पहिले दोन महिने पोरांना कॉम्प्युटरला हात लावू द्यायच्या नाहीत. रांगेतली सगळ्यात मोठी चप्पल कशी शोधाल, त्याच्या पायऱ्या कागदावर साध्या मराठीत लिहा, हा पहिला धडा. याला म्हणे सूडोकोड म्हणतात. पहिली चप्पल उचल, हीच मोठी समज, पुढचीला लावून बघ, ती मोठी निघाली तर हातातली खाली ठेव अन् ती घे.

एखादं पोरगं नुसतं बघून म्हणायचं, "मॅडम, ती निळी!" मग त्याची खैर नसायची.

"तुला डोळं हायती रं. मशीनला कुठं हायती? पायऱ्या सांग!"

एकदा प्राचार्य तपासणीला आले. नियम म्हणजे नियम, बाईंनी त्यांनाही चपला काढायला लावल्या. त्या दिवशी धडा होता लहानमोठं क्रमानं लावायचा. साहेबांची चप्पल सगळ्यात लहान निघाली, पोरींच्याही आधी. बाईंनी निकाल फळ्यावर लिहिला. साहेबांनी तो आजतागायत पुसलेला नाही, मनातून.

मी थोरात, गणित शिकवतो. आम्ही दोघंही तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनला बोलावलं तर या, नाहीतर घरी बसा. बाई रोज सोनईहून एसटीनं यायच्या, अन् कुणाशी दोन शब्द गोड बोलतील तर शपथ. आम्ही पाठीमागं त्यांना 'चप्पलवाली' म्हणायचो. मीही म्हणायचो.

यंदा संस्थेनं शिक्षकाऐवजी वर्गात लावायचे धड्यांचे व्हिडिओ आणले. साहेबांनी फर्मान काढलं, ज्यांच्या विषयाचे व्हिडिओ आलेत, ते तासिकावाले यादीतून काढा. आणि यादी गाळायचा प्रोग्रॅम कुणी लिहायचा? तांबोळी मॅडमनी! ज्याला फासावर द्यायचं, त्याच्याकडूनच दोर वळून घ्यायचा. शहाणी माणसं!

आम्हा दोघांच्याही विषयांचे व्हिडिओ आले होते. मी घरी बायकोला सांगूनही टाकलं, की माझी नोकरी गेली.

बोर्डावर यादी लागली. तांबोळी नाहीत, थोरात आहेत.

मला काही उमजेना. ऑफिसातून बाईंच्या पायऱ्यांचा कागद मागून घेतला. लिहिलं होतं: पहिल्या जागेवर उभा राहा. त्या नावाच्या विषयाचा व्हिडिओ असेल तर नाव काढ. पुढच्या जागेवर जा.

वाचायला सरळ आहे. पण रांगेतला एक माणूस काढला, की मागचे एकेक पाऊल पुढं सरकतात. यादी वर्णानुक्रमे, तांबोळींच्या मागं लगेच थोरात. त्यांचं नाव निघालं, मी त्यांच्या जागेवर सरकलो, अन् तपासणारा निघून गेला पुढच्या जागेवर. मला कुणी तपासलंच नाही. व्हिडिओ आलेले असे लागोपाठ दोघं यादीत आम्हीच. ही चूक नवशिकं पोर करतं, अन् केली की बाई त्याला तासभर उभं करायच्या.

मी पळतच स्टाफरूममध्ये गेलो. बाई पिशवी भरत होत्या.

"मॅडम, यात चूक आहे."

"व्हय."

"मुद्दाम केलीत?"

"हळू बोला की. हितं कुनाला वाचता येतंय?"

"पण कशासाठी?"

त्यांनी पिशवीची गाठ मारली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सात वर्सं झाली, रोज माझ्याजवळ बसून डबा खाता तुमी. ह्या कॉलेजात दुसरं कोन बसलं हो माझ्याजवळ? घरी बी एकलीच खाते मी."

मला लाज वाटली, अजून वाटते. स्टाफरूममध्ये चालू पंखा एकच, त्यांच्या टेबलावरचा. म्हणून मी तिथं बसायचो.

हे मी त्यांना सांगितलं नाही. डबा अजून तिथंच खातो.