अपमानाची वर्गणी

मर्विन ओल्डरॉइडला विकत घेईल असा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे मर्विन स्वतःच सांगायचा. टॉडमोर्डनच्या बाजारात चीज घेताना सांगायचा, कालव्याकाठी कुत्रं फिरवणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून सांगायचा, आणि एकदा तर दाढेत कापूस असताना दंतवैद्यालाही सांगायचा प्रयत्न त्याने केला होता. त्याला विकत घ्यायला प्रत्यक्षात कोणी आलंच नव्हतं, पण एवढा तपशील तो गाळायचा.

पूर्वी तो गावाकडच्या रेडिओवर होता. एका जुन्या दगडी पुलाचं वर्णन अगदी रंगात आलं असताना मध्येच गालिच्यांच्या सेलची जाहिरात वाचायला सांगितली, तेव्हा त्याने कागद टेबलावर ठेवला, कोट चढवला आणि घरी आला. मग त्याने स्वतःचा पॉडकास्ट काढला. नाव ‘कमानीखालून’. विषय पूल, फक्त पूल. जाहिरात नाही, साहेब नाही, कंपनी नाही. ज्यांना आवडेल त्यांनी महिन्याला यथाशक्ती वर्गणी द्यावी. जिन्याखालच्या कपाटात, कोट आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मधोमध तो खुर्ची टाकून बसायचा, दार लावून घ्यायचा आणि पुलांविषयी मनसोक्त बोलायचा. टांगलेल्या कोटांमुळे आवाज फार छान यायचा. त्याच्या मते इंग्लंडातला शेवटचा स्वतंत्र माणूस त्या कपाटात बसत होता.

वर्गणीदार मात्र होते, आणि प्रत्येकाला वाटायचं की कार्यक्रम आपल्या एकट्याच्याच पैशांवर चालतो. हॅलिफॅक्सच्या मिसेस बिकरडाइक या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. दर भागानंतर त्यांची दुरुस्त्यांची ईमेल यायची, आणि ती भागापेक्षा लांब असायची. दुसरे मिस्टर सगडन, निवृत्त हेडमास्तर, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. ते वर्गणी सगळ्यात कमी द्यायचे आणि शंका विचारायला स्वतः दारात यायचे. दोघांनाही मर्विन मधाळ आवाजात धन्यवाद द्यायचा.

घर चालायचं ते त्याच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या पगारावर. ती दंतवैद्याच्या काउंटरवर बसायची. ठणकणाऱ्या दाढेचा माणूस असो की दवाखान्यात तमाशा करणारा असो, ती एका वाक्यात त्याला खुर्चीत बसवायची. दर वसंतात मर्विन आठवडाभर वर्गणीचं आवाहन करायचा. यंदा तो आठवडा तोंडावर आला आणि ग्लेनिस म्हणाली, “तुझ्या पुलांवर माझा राग नाही, मर्विन. पण आपलं छप्पर गळतंय, आणि ते काही कमानींनी थांबणार नाही. या वेळी नीट पैसे जमले नाहीत तर नेव्हिलकडे जायचं.”

नेव्हिल म्हणजे ग्लेनिसचा भाऊ. त्याच्या सहलीच्या बस होत्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी नेताना माइक धरून गमतीजमती सांगणारा माणूस त्याला हवा होता. मर्विनच्या डोळ्यांसमोर ती बस आली आणि त्याला घाम फुटला.

आवाहनाच्या आठवड्यात त्याने जीव ओतला. खास वर्गणीदारांसाठी आभाराचा एक भाग केला, त्यात एकेकाचं नाव घेऊन लोण्यात घोळलेले शब्द. निम्मी नावं झाली तेव्हा ग्लेनिस चहा घेऊन आली. मर्विन कपाटाच्या उंबऱ्यात बसून चहा प्यायला आणि त्याने मन मोकळं केलं. माइक चालूच होता.

“ही बिकरडाइक बाई स्वर्गात गेली ना,” तो म्हणाला, “तरी दारातच थांबेल आणि कमान दोन इंच बुटकी आहे म्हणून देवाला ईमेल टाकेल. तिच्या वर्गात पोरं भूगोल शिकली नसतील, कुठल्या देशात पळून जायचं ते शोधत बसली असतील. आणि तो सगडन...”

“चहा गार होतोय,” ग्लेनिस म्हणाली, आणि सगडन तेवढ्यावरच राहिला.

हा मधला भाग कापून मर्विनने आभाराचा साजूक तुकडा वेगळा ठेवला. पाठवताना मात्र न कापलेलाच पाठवला.

हे त्याला कळलं ते कालव्याकाठी. स्वतःच्या आवाजावर त्याचा जीव होता, त्यामुळे नवा भाग गेला की तो कानात घालून फिरायला निघायचा. आभार ऐकत, मान डोलवत तो चालला होता आणि एकदम त्याच्या कानात त्याच्याच आवाजात स्वर्गाचं दार उघडलं. तो जागच्या जागी थांबला. मागून सायकल येत होती, तीही थांबली. सायकलवाल्याने काहीतरी खमंग ऐकवलं, पण मर्विनला त्याहून वाईट काहीतरी ऐकू येत होतं.

घरी येऊन तो माफीनामा लिहायला बसला. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. ग्लेनिसने नेव्हिलचा नंबर फ्रिजवर चिकटवला. तेवढ्यात फोन वाजला. मिसेस बिकरडाइक होत्या.

मर्विनने डोळे मिटून फोन कानाला लावला. पलीकडून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग त्याच्या लक्षात आलं की बाई हसताहेत. त्या म्हणाल्या, त्यांनी तो भाग बहिणीला ऐकवला, शेजारणीला ऐकवला, आणि गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही बसवून ऐकवला. “मिस्टर ओल्डरॉइड, नोकरीभर सगळे माझ्या पाठीमागे बोलले. तोंडावर कोणी बोललं नाही. तुम्ही पहिले. मी वर्गणी दुप्पट करतेय.”

मर्विनने खुर्ची ओढली. तो बसतो न बसतो तोच दारावर थाप पडली. सगडन होते, आणि खरोखरच दुखावलेले दिसत होते. मर्विन माफी मागू लागला तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

“माफी कसली मागता? बिकरडाइकबाईंना देव, स्वर्ग, पळून जाणारी पोरं, एवढा थाट. आणि मला काय, तर ‘आणि तो सगडन’. मी पहिल्या भागापासून वर्गणी देतोय, ओल्डरॉइड. मला निदान पूर्ण वाक्य तरी नको का?”

ते बोळवण करूनही जाईनात. शेवटी मर्विनने त्यांना पुढच्या भागात यथास्थित अपमानाचा शब्द दिला, तेव्हा कुठे त्यांनी टोपी घातली.

ही बातमी वर्गणीदारांत पसरली. ज्यांचा अपमान झाला नव्हता त्यांचे रुसवे सुरू झाले. नवे लोक यायला लागले. त्यांना पुलांशी कर्तव्य नव्हतं, पण आपला अपमान कधी होईल एवढं ते आवर्जून विचारायचे. आठवडा संपला तेव्हा जमलेला आकडा बघून ग्लेनिसने फ्रिजवरचा कागद काढला आणि छपराचं काम करणाऱ्याला बोलावलं. मर्विनने बाजारात पुन्हा मान ताठ केली. बघा म्हणाला, जाहिरातीला हात न लावता जमवलं. वर्गणीदारांना आपण केवळ एक छोटीशी भेट देतो, असं तो सांगायचा.

अडचण एवढीच होती की ती भेट त्याला देता येईना. चिडला असताना एकदा जमून गेलं होतं, पण थंड डोक्याने अनोळखी माणसाचा अपमान करणं हे त्याच्या रक्तातच नव्हतं. लोक स्वतःची माहिती पाठवायचे, मर्विन ती तीनदा वाचायचा आणि म्हणायचा, “मिस्टर प्रॅट, तुमची बाग, राग मानू नका, पण जराशी बेताची असावी असा माझा अंदाज आहे.” प्रॅट यांची तक्रार आली. अपमान कोमट होता आणि आवाजात प्रेम जाणवत होतं, असं त्यांचं म्हणणं. पैसे परत द्या किंवा पुन्हा करा.

मर्विन ही तक्रार जेवणाच्या टेबलावर वाचत होता. ग्लेनिसने बटाटे सोलता सोलता प्रॅटने माहितीसोबत पाठवलेला फोटो पाहिला आणि म्हणाली, “या माणसाच्या बागेत गोगलगायीसुद्धा वस्तीला राहत नसतील. पुढे चांगली बाग लागेल म्हणून तशाच निघत असतील.”

मर्विनने ते उतरवून घेतलं. प्रॅट कृतकृत्य झाले.

तेव्हापासून मजकूर ग्लेनिसचा आणि आवाज मर्विनचा. काउंटरवर बसून तिने जे जे गिळलं होतं ते सगळं आता उपयोगी पडू लागलं. महिन्याभरात तिने दवाखान्याला राजीनामा दिला. जाता जाता दंतवैद्याचाही एक अपमान करून आली, फुकट. पूल मात्र आटत गेले. आधी अख्खा तासभर पूल असायचा. मग अर्धा तास राहिला, मग किटलीतलं पाणी उकळेपर्यंत. एका वर्गणीदाराने अगदी नम्रपणे सुचवलं, की मध्येच पूल आला की लय तुटते, तर तो काढून टाकता आला तर पहावं. मर्विनला गालिच्यांचा सेल आठवला. फरक एवढाच, की आता सेलच्या जागी त्याचा पूल होता.

उन्हाळ्यात टाउन हॉलमध्ये वर्गणीदारांचा मेळावा ठरला. लोक लांबलांबून आले. पहिल्या रांगेत बिकरडाइकबाई, शेजारी सगडन, स्वतःची उशी घेऊन. ग्लेनिसने लिहिलेले कागद मर्विनच्या हातात होते. तो मंचावर गेला, कागदांकडे पाहिलं, समोर पाहिलं. सगळे जण शाळेत बक्षीस मिळणार असल्यासारखे टाय सरळ करून बसले होते. त्याने कागद खाली ठेवले.

तो मनापासून बोलला. म्हणाला, तुम्हाला पूल कळत नाहीत आणि समजून घ्यायचेही नाहीत. नदीवर कमान उभी करणारी माणसं पाण्यात उभी राहून मेली, आणि तुम्हाला फक्त स्वतःचं नाव ऐकायचंय. बिकरडाइकबाई, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्यात, कारण स्वतःचं असं काही केलंच नाहीत. मिस्टर सगडन, तुम्ही चिल्लर फेकून माणूस विकत घ्यायला बघता. “मला तुमची वर्गणी नको. आजपासून बंद करा. मी सोडतोय हे सगळं.”

ग्लेनिस मागे भिंतीला टेकून उभी होती, ती सरळ झाली. मग बिकरडाइकबाईंनी रुमाल काढून डोळे पुसले, उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. सगळं सभागृह उठलं. सगडन गहिवरून शेजारच्याला म्हणाले, की हा माणूस इतके दिवस हात राखून होता.

मर्विन ओरडून सांगत होता की मी खरंच बोलतोय. त्यावर टाळ्या आणखी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गणीदार भराभर वाढले. ग्लेनिस म्हणाली, “सोडायचं असेल तर सोड. पण छपराचे पैसे हप्त्याने आहेत आणि मी नोकरी सोडलीय. आणि खरं सांगू? काल तू चांगला बोललास. मला एवढं लिहिता आलं नसतं.” हे तिने इतक्या सरळपणे म्हटलं, की तो वर्गणीदारांची यादी तपासायला बसला.

सबंध यादीत एकच वर्गणी बंद झाली होती. लिंकनच्या कुणी मिसेस फर्नीहो. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, ‘पूल कमी झाले म्हणून.’

मर्विनने ते वाचलं आणि त्याचा ऊर भरून आला. म्हणजे कोणीतरी होतं. या सगळ्या गदारोळात एक तरी माणूस पुलांसाठी ऐकत होता. त्याने त्यांना फोन लावला. खरखरीत, प्रेमळ आवाजाची बाई होती. मर्विनने माफी मागितली. म्हणाला, तुमच्यासारख्या एका श्रोत्यासाठी मी पुन्हा पूर्ण पुलांचे भाग करीन, वेगळे, फक्त तुमच्यासाठी, वर्गणीसुद्धा नको.

“फार उपकार होतील हो,” मिसेस फर्नीहो म्हणाल्या. “गोळ्यांनी जे झालं नाही ते तुमच्या पुलांनी केलं होतं. दुसऱ्या कमानीपर्यंत मला गाढ झोप लागायची. हल्ली तुमचं ऐकून हसायला येतं, मग आमच्या ह्यांची झोपमोड होते.”

मर्विनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“फक्त एक करा,” त्या म्हणाल्या. “नव्या भागांत काही मजेशीर घालू नका. अगदी पूर्वीसारखंच राहू द्या.”

मर्विनने तसा शब्द दिला, आणि तो पाळणं त्याला अजिबात जड गेलं नाही.