हिरवळीवरचे कायम रहिवासी

न्यू ऑर्लिन्समध्ये कार्निव्हलची मिरवणूक बघायची तर जागा आधी धरावी लागते. निवृत्त ग्रंथपाल अल्सीद फॉन्टेनो दर वर्षी मागे उभे राहून पुढच्यांच्या टोप्या बघत आले होते. यंदा त्यांची नात ओडेट पाच वर्षांची झाली. "आजोबा, मला रथांवरून फेकतात त्या माळा झेलायच्यात," तिने बजावले. तेव्हा त्यांनी शिडीच्या टोकाला छोटी खुर्ची ठोकली आणि तीन आठवडे आधीच ती ड्युफो रस्त्याच्या मधल्या हिरवळीवर नेऊन उभी केली.

तिथे वर्लीनबाई ताडपत्री अंथरून नाताळपासून बसल्या होत्या.

"उशीर केलात काका! गम्बोचा गरम रस्सा घ्या थोडा. आणि शिडी सोडून हलू नका हं, उचलून नेतात."

नियम तसाच होता. बेवारस शिडी जप्त होई. वर मालक बसलेला असल्यास ती बेवारस समजली जात नसे. अल्सीद वर चढून बसले. त्यांचे पाहून आणखी चाळीसजण बसले.

आठवड्याने मिरवणूक-प्रतीक्षा विभागाचे निरीक्षक आले.

"इथे राहता?"

"नाही हो. वाट बघतोय."

"वाट बघणाऱ्यांचा रकाना नाही आमच्याकडे. रहिवासी किंवा अतिक्रमण. काय लिहू?"

अल्सीदनी जन्मात कुठल्या साहेबाशी वाद घातला नव्हता. "रहिवासी लिहा," ते पुटपुटले.

रहिवासी म्हटल्यावर शिडीला क्रमांक आला, क्रमांकापाठोपाठ टपालपेटी आली, मंगळवार-शुक्रवार कचऱ्याची गाडी येऊ लागली. वर्लीनबाईंनी ताडपत्रीभोवती पडदे लावले. रहिवासी संघ स्थापन झाला आणि अक्षर चांगले म्हणून अल्सीद चिटणीस झाले. मग नियमाप्रमाणे विभागाची नोटीस आली : आपल्या वस्तीतून मिरवणूक काढण्याचे योजिले आहे, हरकत असल्यास कळवावे.

"हरकत म्हणजे काय!" वर्लीनबाई कडाडल्या. "ढोल बडवणार, कचरा करणार, आणि कोण कुठले लोक आपल्या दारात उभे राहणार!"

"पण बाई, आपण मिरवणुकीसाठीच तर..."

"ते तेव्हा. आता घर आहे माझं इथं. सही करा, नाहीतर सभासदत्व रद्द. मग तुमची शिडी अतिक्रमण, आणि ओडेट बसेल मागे टोप्या मोजत!"

ओडेटची जागा जाऊ नये म्हणून अल्सीदनी सही केली.

हरकत मंजूर झाली. मिरवणूक मागच्या रस्त्याने वळवण्यात आली, कारण तिथल्या घरांतून एकही हरकत आली नव्हती. तिथले सगळे लोक इथे शिड्यांवर होते. अल्सीदचे घरही त्याच रस्त्यावर होते.

मिरवणुकीच्या दिवशी लांबून बँड ऐकू येऊ लागला. थोड्या वेळाने आईचा हात ओढत ओडेट धावत आली. गळ्यात कानांपर्यंत माळा.

"आजोबा, आपल्या घराच्या पायरीवर बसून झेलल्या! पुढे कुणीच नव्हतं! चला ना, अजून चार रथ यायचेत!"

अल्सीद हरखले. त्यांनी एक पाय खालच्या पायरीवर टाकला.

"जा की खुशाल," खालून वर्लीनबाई म्हणाल्या. "फक्त शिडी रिकामी दिसली की गेली, एवढं लक्षात ठेवा."

अल्सीद बँडच्या दिशेने बघत राहिले. मग त्यांनी पाय अलगद वर घेतला.

"तू हो पुढे, बाळ. पुढच्या वर्षी जागा नको का आपल्याला?"

तुम्हाला त्यांचे हसू येत असेल तर जरूर हसा. फक्त, तुम्हीही जागेवरून न उठताच हसता आहात.