विहिरीचा एम.ई.

उत्तम भाकरी खायला बसला की आमच्या घरातलं जेवण थांबायचं. तो आधी भाकरीचे त्रिकोण करायचा. तेही साधे नाहीत. भाकरी जिथं करपली असेल तिथं नखाएवढे, जिथं नीट भाजली असेल तिथं ऐसपैस. मग कोणतं टोक कोणाला भिडतं ते निरखायचा, आणि कालवण पार निवल्यावर पहिला घास. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "भावजी, भाकर हाय ती. खा न आता!" हा शांतपणे म्हणतो, "वहिनी, जिथं ताण, तिथं बारीक." तिनं दुसऱ्या दिवसापासून भाकरी करपू देणंच बंद केलं. एवढा फायदा मात्र मला झाला.

हे खूळ त्याला शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून लागलं होतं. सत्तरच्या दशकात आमच्या भागातला पोरगा ओव्हरसियर झाला तरी पेढे वाटले जायचे. हा एम.ई. करत होता, आणि विषय फायनाइट एलिमेंट! मी हिंगोलीच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर, मला कळलं तेवढं सांगतो. अख्ख्या वस्तूचं गणित एकदम सोडवता येत नसेल तर तिचे लहान लहान तुकडे कल्पायचे, जिथं ताण जास्त तिथं आणखी बारीक. एकेका तुकड्याचं गणित मांडायचं. मग सांध्याला सांधा जोडत वस्तू पुन्हा उभी करायची. म्हणजे ती आधी कुठं मोडेल ते कळतं. उत्तम माझ्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायला आला आणि माझे सगळे रविवार त्याचे त्रिकोण आखण्यात जाऊ लागले. नाही म्हणायची सोय नव्हती. तो दारात टी-स्क्वेअर घेऊनच उभा राहायचा.

शहर सोडून तो आला होता ते गाईडशी भांडून. गाईडचं म्हणणं, धरण घ्या, सगळे धरण घेतात, पुस्तकं आहेत, आकडे आहेत. याला विहीर हवी होती. काळ्या मातीतून, मुरमातून खाली जाणारी, आतून दगडानं अजून न बांधलेली, साधी गोल विहीर. "अहो, विहीर हा काय एम.ई.चा विषय आहे?" असं सर म्हणाले, आणि हा म्हणाला, "सर, धरणात पाणी असते. विहिरीत मानूस असतो." सरांनी सांगून टाकलं, करायची तर स्वतःच्या जबाबदारीवर करा, माझ्याकडं मदत मागू नका. यानं मागितली नाही.

गावाला मग विषयच मिळाला. उत्तमचे आबा पुसेगावच्या बाजूला विहिरी खोदायचे. "बापानं पहारीनं खोदली, पोरगं पेन्सिलीनं खोदून राहिलं," असं लोक म्हणायचे. कोपऱ्यावरच्या हॉटेलातले रशीदभाई कपबशी ठेवता ठेवता कळवळून सांगायचे, "उत्तमसाब, धरण लेव ना! डिग्री से मतलब. इत्ती तकलीफ कायकू?"

"धरणाला सरकार हाय, रशीदभाई. विहिरीला कोन हाय?"

लोक त्याला हट्टी म्हणत. होताच तो हट्टी. पण त्याला हट्ट सोडायला सांगणाऱ्यांपैकी एकही माणूस कधी कशासाठी अडून बसलेला मी पाहिला नव्हता. असल्या लोकांचा सल्ला कशाला ऐकायचा?

हे गणित मुंबईच्या कॉम्प्युटरवर सुटायचं, आणि त्याला आधी सांगावं लागतं की वस्तू कुठं टेकली आहे, कुठं घट्ट धरलेली आहे. पुस्तकात त्याला बाउंड्री कंडिशन म्हणतात. उत्तम म्हणायचा 'बांध'. बाजारात कुणीतरी हे ऐकलं आणि उत्तम बांधाचं शिकून राहिला, मुंबईच्या मशीनीवर बांध काढतो, अशी वार्ता पसरली. झालं! एके दिवशी कोंडबा नावाचा शेतकरी चुलतभावाला दंडाला धरून खोलीवर हजर. "साहेब, ह्यानं माझा बांध कोरला. निकाल द्या."

उत्तम आकड्यांत बुडालेला. मान वर न करता म्हणाला, "बांध पक्का केल्याबिगर उत्तर न्हाई निघत."

"आयकलं?" कोंडबा भावावर गरजला. "मशीन बी तेच म्हनून राहिली!" दोघांनी म्हणे जाऊन दगड रोवले आणि भांडण मिटलं.

आणि त्याच सुमारास उत्तमचा स्वतःचा बांध राहिला! तेव्हा भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे मुंबईला पाठवायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचं. गठ्ठ्यात विहिरीच्या तळाची कार्डं टाकायचीच तो विसरला. उत्तर आलं ते असं की विहीर तळ सोडून सरळ आभाळात निघून गेली. रशीदभाई हसून हसून गल्ल्यावर आडवे झाले. उत्तमला हसू येत नव्हतं. त्यानं सगळा गठ्ठा पुन्हा लावला.

तोंडी परीक्षेला माझ्या आकृत्यांची गुंडाळी सांभाळत मीही गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "विहीरच का?"

उत्तम उभा राहिला. "सर, आमच्या लोकांनी विहिरी खोदल्या. खोदायला आमी, शेंदायला दुसरे. निदान ती ढासळंल कुठं, हे तरी आमीच सांगू."

गाईड टेबलाकडं बघत राहिले. परीक्षकांनी मात्र दयामाया दाखवली नाही, दुपार कलेपर्यंत फळ्यावर घाम काढला. आणि मग पास केलं. गाईडनं येऊन हात हातात घेतला, तेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता.

परतताना मला वाटलं, आता हिंगोलीत रशीदभाईंकडं चहा. पण हा मला ओढत पुसेगावच्या गाडीत बसला. गावाबाहेरच्या शिवारात आबांचं काम चालू होतं. वर मातीचे ढीग, दोर धरून दोन गडी, आणि खालून टिकावाचा आवाज. उत्तम काठावर उकिडवा बसला.

"आबा!"

"कोन, उत्तम? पास झाला का?"

"झालो. तुमी वर या."

"काहून?"

मी गुंडाळी पुढं केली. आता काळी माती, मुरूम, कुठून दरड सुटते, सगळं ऐकवणार असं मला वाटलं. त्यानं ती घेतलीच नाही. एवढ्या लोकांना पुरून उरलेला हा गडी, त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला.

"मला भेव वाटून राहिलं, आबा."

टिकाव थांबला. "कवापासून?"

"ल्हान व्हतो तवापासून. तुमी खाली उतरले की वाटते."

"अरे लेकरा! येवढंच सांगायचं व्हतं, तर त्याच्यापायी इतकं शिकावं लागतं व्हय?"

"नुसतं सांगितलं असतं, तर आले असते का वर?"

खालून टिकाव बाजूला टाकल्याचा आवाज आला.

"न्हाई," आबा म्हणाले. "न्हाई आलो असतो. धर आता दोर."