कॉफीच्या डब्यातल्या बिया

वेंडल स्ट्राउडने मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं, की भोपळ्यांची मेजवानी यंदाही आपल्याच अंगणात होईल आणि ती तो एकटा करेल.

"एकतीस वर्षं बघत आलोय, कार्लीन. त्यात आहे काय? भोपळे पोखरायचे, फुलं खोचायची, सायडर उकळायचा. तुझ्या बापाने चाळीस पोरं भरून शाळेची बस बर्फातून चालवलीय. त्याला एक भोपळा आवरणार नाही?"

बघत आलोय हे मात्र अगदी खरं होतं. एकतीस वर्षं त्याने बघितलंच होतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी खुर्च्या मांडायच्या आणि पाहुणे गेले की घड्या घालून ठेवायच्या, एवढंच काम त्याच्याकडे असे. बाकी सगळं त्याच्या बायकोचं, लेनोराचं. टेबलाटेबलावर शेवंतीने भरलेले छोटे भोपळे, मध्ये मेपलची लाल पानं, आणि सगळ्यात मोठ्या टेबलावर पोखरलेला दांडगा भोपळा. त्यात दालचिनी घातलेला सफरचंदाचा सायडर वाफाळत असायचा आणि ती ओगराळ्याने तो पेल्यापेल्यात वाढायची.

आणि ते भोपळे! निळसर राखाडी, खोल खाचांचे. लेनोराच्या आजीने दिलेलं बी होतं ते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या त्यांच्या गावात तसा भोपळा दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात नव्हता, कारण लेनोरा बी कुणाला देत नसे. ती लोकांना भोपळ्याचं गोड सारण भरलेला 'पाय' भाजून द्यायची, मुरंबे द्यायची, आजारी माणसाच्या उशाशी बसायची, पण बी मागितलं की हवापाण्याच्या गोष्टी काढायची. शेजारची व्हर्ना हॉस्टेटलर तर वीस वर्षं मागत होती. वीस वर्षं तिला 'पाय'च मिळाला.

मार्चमध्ये लेनोरा गेली. मे महिना पेरणीचा, पण वेंडलने वाफ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा गुडघाभर तण होतं.

सप्टेंबरात व्हर्ना येऊन म्हणाली, की यंदा मेजवानी चर्चच्या तळघरात घेऊ, आम्ही बायका मिळून करू. बिचारी चांगुलपणानेच म्हणाली, पण वेंडलला ते लागलं. मेजवानी एकदा तळघरात उतरली की पुन्हा वर येणार नाही, आणि मग दोन वर्षांत लेनोराचं नावही कुणी काढणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याने तिला नको म्हणून सांगितलं आणि त्याच दिवशी खुर्च्या पुसायला घेतल्या.

लेनोराचं मेजवानीचं कार्ड पाककृतींच्या डबीत सापडलं. तिने ते स्वतःपुरतं लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यात तिला ठाऊक असलेलं काहीच नव्हतं. मोठा भोपळा, सायडर. लहान, शेवंती. बिया भाजून मीठ. बस्स. भोपळे कधी पोखरायचे ते नव्हतं. वेंडल जन्मभर दहा मिनिटं आधी बस काढणारा माणूस. रस्त्याकडेच्या शेतावरून त्याने नारिंगी भोपळे आणले आणि बुधवारीच सुरी घेऊन बसला. आतला गर आणि बिया खतखड्ड्यात टाकल्या. पोखरलेले भोपळे गारठू नयेत म्हणून शेगडीच्या उबेला मांडून ठेवले. झोपायला जाताना त्यांच्याकडे असा बघत उभा राहिला, की जणू सगळे त्यानेच पिकवलेत.

शनिवारी सकाळी लहान भोपळ्यांचे चेहरे कवळी काढलेल्या आजोबांसारखे आत गेले होते. वेंडल डगमगला नाही. बरी बाजू पाहुण्यांकडे केली आणि शेवंती दुप्पट खोचली. मग कार्डावरची शेवटची ओळ पुन्हा वाचली. भाजायला बिया कुठे होत्या? खतखड्ड्यातल्या बियांचा रात्री कचरा उपसायला येणाऱ्या रकून मंडळींनी कधीच फडशा पाडला होता.

तो स्टुलावर चढून कोठीची कपाटं धुंडाळू लागला. वरच्या फळीवर, पिठाच्या पिशवीमागे, कॉफीचा जुना डबा होता. उघडला तर काठोकाठ बिया. धुतलेल्या, वाळवलेल्या, पांढऱ्याशुभ्र.

वेंडल उतरून त्या स्टुलावरच बसला. तिने काढून ठेवल्या होत्या. आपला नवरा बिया फेकून देणार हे तिला माहीत होतं, आणि जाण्याआधी तिने त्याचीही सोय लावून ठेवली होती! त्याला रडू आलं. "वाचवलंस मला," तो डब्याला म्हणाला, आणि सगळ्या बिया ट्रेमध्ये ओतून, तेल-मीठ चोळून, ओव्हनमध्ये सरकवल्या.

दुपारी तीसेक माणसं जमली. पाद्रीबुवा फिक्या रंगाची पँट घालून मोठ्या टेबलापाशी अगदी पुढे उभे राहिले. वेंडलने दोन शब्द बोलायचे ठरवले होते, पण ते सोडून त्याने उकळता सायडर सरळ मोठ्या भोपळ्यात ओतला. भोपळ्याने तो शांतपणे पोटात घेतला. पाद्रीबुवांनी पेला पुढे केला आणि नेमका त्याच क्षणी भोपळ्याचा तळ सुटला. सायडर टेबलभर पसरला, मेपलची पानं तरंगत काठाशी आली आणि पाद्रीबुवांच्या पँटवर उतरली. बुवांनी या वयात जी उडी मारली ती त्यांच्या बायकोनेही कधी पाहिली नसेल. धक्क्याने शेजारचं टेबल हललं आणि त्यावरचे दोन छोटे भोपळे शेवंतीसकट मटकन खाली बसले.

लोक हसले, पण मायेने हसले. पाद्रीबुवा पँट झटकत म्हणाले, की थंडीत असं गरम कुणी करत असेल तर तक्रार कशाला. व्हर्नाने न सांगता फडकं आणलं. वेंडलचा चेहरा पाहवत नव्हता. प्यायला काही उरलं नव्हतं, तेव्हा त्याने शेवटची लाज राखायला बियांचा वाडगा फिरवला.

बियांनी मात्र मेजवानी सावरली. माणसं मूठमूठ घेऊ लागली. असं खमंग कधी खाल्लं नव्हतं, असं जो तो म्हणू लागला. पाद्रीबुवांनी तर लांबून ओरडून सांगितलं, की लेनोराच्या मेजवानीलासुद्धा असल्या बिया नव्हत्या. सात महिन्यांत पहिल्यांदाच वेंडलला बरं वाटलं. पुढच्या वर्षीही इथेच, असं तो दोघातिघांना सांगूनही बसला.

व्हर्ना टेबलं पुसून सर्वांत शेवटी वाडग्यापाशी आली. एक बी तोंडात टाकलं, चावता चावता थांबली, आणि दुसरं उचलून तळहातावर धरलं. अंगठ्याच्या नखाएवढं, कडेला बारीक तपकिरी रेघ, दर मे महिन्यात कुंपणापलीकडून लेनोराच्या हातात पाहिलेलं.

"वेंडल, या कुठून आणल्यास?"

"लेनोराने ठेवल्या होत्या माझ्यासाठी. कोठीत, वरच्या फळीवर."

"सगळ्या भाजल्यास?"

"सगळ्या. माणसं काय थोडी होती?"

व्हर्ना खुर्चीवर बसली. "वीस वर्षं मी तिच्याकडे हे बी मागत होते," ती हळूच म्हणाली. "आज दिलंस, ते मीठ लावून."

वेंडलला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा त्याने अंगणात नजर फिरवली. तीस माणसं लेनोराच्या आजीचं बी मजेत चघळत होती. पुढल्या वर्षीचे भोपळे, त्याच्या पुढल्या वर्षीचे, सगळे. लेनोराने ते जपलं होतं आणि त्याने ते भाजून खाऊ घातलं होतं. तो वाडगा घेऊन आत गेला. तळाशी अकरा बिया उरल्या होत्या.

कार्लीनचा फोन आला, कसं झालं विचारायला. वेंडल म्हणाला, बिया फार आवडल्या लोकांना.

मे महिन्यात त्याने वाफ्यातलं तण उपटलं, माती भुसभुशीत केली आणि गुडघे टेकून अकरा खड्डे केले. कुंपणापलीकडे व्हर्ना कपडे वाळत घालत होती. त्याच्या हातात काय आहे ते तिने पाहिलं आणि चिमटे तसेच टाकून ती कुंपणाशी आली.

"अरे वेंडल," ती शक्य तितक्या मऊपणे म्हणाली, "भाजलेलं उगवत नाही रे."

वेंडलने मान वर केली नाही. एकेक बी खड्ड्यात ठेवलं, वर माती लोटली, झारीने पाणी घातलं.

"मीठ धुऊन घेतलंय," तो म्हणाला.