चार नळ्यांची गाडी

रात्री कोणी बॉनेट उघडलं तर कळावं म्हणून दामोदरभाऊजी गाडीच्या बॉनेटच्या फटीवर रोज भाताचं एक शीत चिकटवत. सकाळी उठून आधी ते शीत पाहत, मग देवाला हात जोडत. शीत जागेवर नसलं की गल्लीतल्या एकेकाची चौकशी होई. मुंग्यांवर मात्र त्यांचा संशय कधी गेला नाही. "मुंगीले इंजिनात काय काम? यात गोम आहे, मास्तर."

मास्तर म्हणजे मी. पांढुर्ण्याच्या शाळेत मी मराठी शिकवतो. भाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, संत्र्यांचे आडते. गोम त्यांना सगळीकडे दिसे. दूधवाल्यासमोर ते दूध चाखून पाहत आणि चांगलं लागलं तर जास्तच काळजीत पडत. ताईला हिवतापात दिलेल्या कोयनेलच्या गोळ्यांनी पुढं ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे भाऊजींचे संशय ऐकायला त्याच गल्लीत राहणारा मीच उरलो होतो.

इंग्रज गेले तेव्हा छिंदवाड्याकडच्या कोळसा खाणीतला एक साहेब आपली दोन माणसांची, बिनछपराची, हिरवी रेसची गाडी विकून गेला. ती भाऊजींनी घेतली आणि घेतल्या दिवसापासून तिच्यावर संशय धरला.

"एवढी चांगली गाडी सोडून कोणी जाते का?"

"भाऊजी, तो देश सोडून गेला."

"तेच तर म्हणून राहिलो मी."

राज्यांची नवी आखणी झाली, त्या हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात आलं की गाडीला आवाज पाहिजे. साहेबाची गाडी मांजरासारखी यायची. "गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत आवाज पोचला पाहिजे," एवढंच ते सांगत. का, ते सांगत नसत. आता गाव संशय घेऊ लागलं. नव्या सीमेपलीकडे हा काही नेणार, आवाज ही कोणाला तरी खूण आहे, असं बाजारात पक्कं ठरलं.

जामनदीपलीकडच्या सावरगावात शामराव मिस्तरी होता, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यानं गाडीखाली शिरून निदान केलं. "चारही सिलिंडरचा धूर एकाच लोखंडी डबड्यात कोंडून राहिला, भाऊ. चार भाऊ एकाच दारातून एकदम निघाले तर भांडतीलच. चौघाले चार नळ्या देऊ, खाली एकत्र आणू. गाडी मोकळी होईल, आवाजही खुलेल."

तशा तयार नळ्या नागपूरलाही मिळत होत्या. भाऊजी आठ दिवस जेवताना बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, "नागपूर आता परराज्य झालं. आपण मध्यप्रदेशात, ते मुंबई राज्यात. त्यानं माल बदलून दिला तर कोणत्या सरकारकडे जाऊ?"

"मग शामरावाला सांगा."

"सावरगावचा आहे तो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत नदीपलीकडून जो माणूस माझ्यावर गोटे मारते, त्याच्या हाती इंजिन देऊ?"

"तुम्हीही मारताच की."

"म्हणूनच त्याले राग असन."

पण दोन दिवसांनी ते स्वतःच गाडी घेऊन नदीपलीकडे गेले. "गोटा मारते तो समोरून मारते," ते मला म्हणाले. "तोंड तरी दिसते त्याचं."

शामरावानं नळ्यांत वाळू ठासली, त्या लाल होईस्तोवर तापवल्या आणि वाकवल्या. वाळूमुळे नळी चेपत नाही. आत वाळू राहिल्याच्या संशयानं भाऊजींनी प्रत्येक नळीला तोंड लावून फुंकलं आणि चौथ्या फुंकीनंतर तोंडाला काजळी लागून हनुमानासारखे दिसू लागले. मग सुतानं नळ्यांची लांबी मोजली.

"सोनार समजून राहिले का मले?" शामराव म्हणाला.

"सोनारावर तर मी बिलकुल भरवसा ठेवत नाही."

नळ्या बसल्या. शामराव गाडी घेऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्यानं इंजिन चालू केलं. भाऊजी गाडीजवळ थांबायचं सोडून घरात गेले, थोड्या वेळानं मान हलवत बाहेर आले. "नाही. आणखी जाड नळी पाहिजे." दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या वेळी शामराव माझ्या कानाशी लागला. "मास्तर, गाडी इथं, अन् हे घरात काय पाहून राहिले? मले तर काही भलतंच वाटते."

मलाही वाटू लागलं होतं. शामरावानं इंजिन चालू केलं तसा मी मागच्या दारानं आत गेलो.

ताई चुलीसमोर बसली होती. दिवाळीत भाजलेल्या तिच्या हातावरची कातडी अजून गुलाबी होती. त्या दिवशी बाहेरून आलेले भाऊजी मागून तिच्या खांद्याला शिवले होते. ती दचकली आणि उकळतं दूध हातावर आलं. आता भाऊजी तिच्या पाठीमागे, उंबऱ्यापाशी, श्वास धरून उभे होते. समोरच्या मांडणीवरची पितळी ताटं थरथरायला लागली. ताईनं वर पाहिलं. एका ताटावर तळहात ठेवला, ठेवूनच राहिली.

"आले वाटते," ती आपल्याशीच म्हणाली आणि तिनं चहाचं आधण चढवलं.

भाऊजी चवड्यांवर मागे सरकत बाहेर गेले, म्हणजे मग नीट समोरून घरात येता येईल. बाहेर शामरावाला म्हणाले, "चालते. पण पहिल्या दोन वेळा जमलं नाही, यात गोम आहे."

ताईला जाऊन आता वर्ष होत आलं. मी अजून संध्याकाळी तिच्या घरी जातो. भाऊजी आणि मी चहा करून पितो. गाडी ते अजून चालवतात. मात्र गल्लीच्या तोंडाशी आले की इंजिन बंद करतात, खाली उतरतात आणि गाडी ढकलत घरापर्यंत आणतात.

मी एकदा कारण विचारलं.

"पेट्रोल वाचते," ते म्हणाले.

मांडणीवरची ताटं त्यांनी एकमेकांपासून दूर दूर ठेवली आहेत, मध्ये फडक्याच्या घड्या घालून. गाडी ढकलायला मी एका बाजूनं हात लावतो. ते संशयानं माझ्याकडे पाहतात, पण नको म्हणत नाहीत.